जुन्या गाडीची पॉवर विंडो रडते? रिले लावून वायरिंग सुधारण्याची सविस्तर रीत

पॉवर विंडोचं बटण दाबलं की डॅशबोर्डचे दिवे मंदावतात, काच कण्हत कण्हत वर येते आणि चौकटीला दोन बोटं उरली की थांबते. मग एका हाताने बटण दाबायचं आणि दुसऱ्या हाताच्या तळव्याने काच वर रेटायची. ऐंशी-नव्वदच्या दशकातली गाडी सांभाळणाऱ्यांना ही कसरत नवी नाही. अशा वेळी सगळ्यात सोपा सल्ला मिळतो तो नवी मोटर टाकण्याचा. ती टाकल्यावर काच थोडी बरी चालते आणि काही महिन्यांत पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. कारण बऱ्याचदा दुखणं मोटरमध्ये नसतंच, ते बॅटरीपासून मोटरपर्यंतच्या वाटेत असतं.

उदाहरणासाठी मी काँटेसा धरली आहे. व्हॉक्सहॉल व्हीएक्सच्या साच्यावरून हिंदुस्थान मोटर्सने ती १९८४ मध्ये आणली आणि २००२ पर्यंत बनवली. आज रस्त्यावर दिसणाऱ्या काँटेसांपैकी अनेकींमध्ये काचेचं किट बाहेरून बसवलेलं सापडतं, त्यामुळे दोन काँटेसांचं वायरिंग सारखं असेलच असं नाही. पण मूळ मांडणी त्या पिढीच्या बहुतेक गाड्यांत एकच असते. मग ती जपून ठेवलेली मर्सिडीज डब्ल्यू १२३ असो किंवा १९९५ पासून पुण्यात जोडली जाऊ लागलेली डब्ल्यू १२४. वायरचे रंग आणि स्विचची जागा बदलते, विजेचा हिशेब बदलत नाही.

वीज कुठून कुठे जाते

काचेची मोटर दोन वायरींची असते. एका वायरीला प्लस आणि दुसरीला अर्थ (म्हणजे बॅटरीच्या मायनसला जोडलेली गाडीची बॉडी) दिला की काच वर जाते, उलट दिला की खाली येते. ही उलटापालट स्विच करतो. बटण सोडलेलं असताना दोन्ही वायरी अर्थला जोडलेल्या असतात, दाबल्यावर त्यांतली एक प्लसवर जाते. म्हणजे मोटरला जाणारा प्लस तर स्विचमधून जातोच, पण परत येणारा अर्थसुद्धा त्याच स्विचमधून येतो. हा मुद्दा पक्का लक्षात ठेवा, पुढे सगळं त्यावरच बेतलेलं आहे.

आता क्लीनरच्या बाजूची काच घ्या. बॅटरीतून निघालेली वीज फ्यूज बॉक्स, इग्निशन स्विच, ड्रायव्हरकडचा मास्टर स्विच, मग त्या दाराचा स्वतःचा स्विच असं करत मोटरला पोचते. परत येताना पुन्हा दाराचा स्विच, पुन्हा मास्टर, आणि मग कुठेतरी डॅशबोर्डखाली बॉडीचा अर्थ. कालव्याच्या टेलच्या शेतकऱ्याला जसं पाणी मिळतं, तशी या मोटरला वीज मिळते.

हिशेब मांडून बघू. जाऊन-येऊन आठ मीटर वायर धरा, जाडी १ चौरस मिलिमीटर. अशा तांब्याच्या वायरीचा रोध मीटरला साधारण ०.०१८ ओहम, म्हणजे आठ मीटरचा ०.१४४. वाटेत फ्यूज, कप्लर (वायरी एकमेकींत खोचायचे जोड) आणि स्विचचे मिळून आठ सांधे धरले आणि वयोमानाने प्रत्येकाचा रोध ०.०३ ओहम झाला असं मानलं, तर आणखी ०.२४. एकूण झाला ०.३८ ओहम. मोटर चालताना ८ अँपिअर ओढते आहे असं समजा, म्हणजे वाटेतच ३ व्होल्ट संपले. बॅटरीवर १२.४ असताना मोटरला मिळाले जेमतेम ९.४. वेग तिथेच मार खातो.

जोराचं गणित आणखी वाईट आहे. काच चौकटीत घट्ट शिरते तेव्हा मोटर थांबायच्या बेतात येते, आणि त्या क्षणी ती किती करंट ओढू शकते त्यावर तिचा जोर ठरतो. मोटरचा स्वतःचा रोध ०.६ ओहम धरला तर बॅटरीशी थेट जोडलेली मोटर २० अँपिअरपर्यंत जाईल. मध्ये हा ०.३८ ओहमचा अडथळा आला की १२.६ अँपिअरच्या वर जाताच येणार नाही. म्हणजे जोर चाळीस टक्क्यांच्या आसपास कमी झाला. शेवटच्या दोन बोटांना काच का थांबते याचं उत्तर इथे आहे.

एखादा मास्टर स्विच उघडून बघा. आत पितळी पत्र्याच्या चिमुकल्या तराजूसारख्या पट्ट्या असतात आणि त्यांच्या टोकांना चांदीसारखे टिकले. टिकले काळे पडलेले, मधोमध खड्डा पडलेला, आणि ज्या प्लास्टिकवर ती पट्टी टेकते ते उष्णतेने किंचित वितळून कलंडलेलं, हे दृश्य तीस वर्षांच्या गाडीत हमखास दिसतं. बटण दाबताना कधीकधी कट्ट आवाज होतो पण काच हलत नाही, त्यामागे बऱ्याचदा ही कललेली पट्टी असते.

रिले म्हणजे छोट्या करंटने चालणारा विजेचा स्विच. तो काय करतो, तर हा मोठा करंट बटणाच्या स्विचमधून काढून घेतो. बटणाने फक्त रिलेची कॉइल, म्हणजे वीज मिळाली की चुंबक होणारी आतली तारेची गुंडाळी, ओढायची. कॉइलचा रोध साधारण ८५ ओहम, म्हणजे करंट जेमतेम ०.१५ अँपिअर. त्याच जुन्या, थकलेल्या वाटेवर आता व्होल्टेज पडतं ते ०.०६ व्होल्टच्या आत. जुनी वायर आणि जुने स्विच तसेच राहिले तरी चालतात.

एक रिले लावून भागत नाही

बरेच जण एकच रिले टाकतात. बॅटरीतून जाड वायर आणायची, रिलेतून काढायची आणि स्विचच्या प्लसला द्यायची. त्याने इग्निशन स्विच वाचतो, ते चांगलंच आहे, पण मोटरचा करंट अजूनही मास्टर आणि दाराच्या स्विचमधून दोनदा जातो. काचेत फरक पडतो तो थोडासाच, आणि मग 'रिलेने काही होत नाही' अशी आवई उठते. खरा उपाय म्हणजे प्रत्येक मोटरला पाच पायांचे दोन रिले. प्लसची वाट आणि अर्थची वाट, दोन्ही स्विचच्या बाहेर काढायच्या.

आधी काचेची मशीन

मशीन म्हणजे काच वरखाली करणारी दारातली यंत्रणा. रिले हे सुकलेल्या मशीनवरचं औषध नाही. डोअर पॅड (दाराचं आतलं आवरण) काढा, काच अर्ध्यावर ठेवा आणि आत टॉर्च मारा. काच ज्या रबरी किंवा मखमली चॅनलमधून सरकते तो चॅनल कडक झालाय का, त्यात वाळू-धूळ बसलीय का ते बघा. चॅनल आधी ओल्या फडक्याने आतून पुसून काढा, सुकू द्या, मग सिलिकॉन स्प्रे मारा. तिथे ग्रीस किंवा इंजिन ऑइल अजिबात नको. ऑइलने रबर फुगतं आणि धूळ चिकटून लेप तयार होतो. मशीनच्या बाहूंवर, रोलरवर आणि दातऱ्यावर मात्र जुनं वाळलेलं ग्रीस खरवडून पांढरं लिथियम ग्रीस लावा.

मोटर मशीनवरून काढणार असाल तर सावध राहा. कात्रीसारख्या बाहूंच्या मशीनमध्ये काचेचं वजन पेलायला ताणलेली स्प्रिंग असते. मोटर सुटली की ही स्प्रिंग दातऱ्याचा पंखा (पंख्याच्या आकाराचा दातेरी पत्रा) सटकन फिरवते आणि बोट मध्ये असेल तर गंभीर इजा होते. आधी पंखा आणि मशीनची प्लेट यांच्यातून नट-बोल्ट घालून पंखा जाम करा, मगच मोटरचे स्क्रू सोडा.

मोजल्याशिवाय काही कापायचं नाही

पहिली परीक्षा सगळ्यात सोपी. मोटरचा कप्लर काढा आणि बॅटरीपासून दोन जाड वायरी थेट मोटरला लावा, प्लसच्या वायरीत बॅटरीजवळ २० अँपिअरचा फ्यूज टाकून. काच झपकन वर गेली तर वायरिंग दोषी. तरीही रडत असेल तर मशीन किंवा मोटर दोषी, आणि लेखाचा पुढचा भाग वाचण्याआधी तिकडे बघा.

दुसरी परीक्षा मल्टिमीटरने. कप्लर पुन्हा जोडा आणि मागच्या बाजूने वायरीलगत टाचणी सरकवून मीटरचं टोक तिला टेकवा, वायरीचं कव्हर कुठेही सोलू नका. बॅटरीच्या प्लसपासून मोटरच्या प्लस वायरीपर्यंत मीटर लावा, सहकाऱ्याला बटण दाबायला सांगा आणि काच चालू असताना आकडा वाचा. तो आकडा म्हणजे प्लसच्या वाटेत हरवलेलं व्होल्टेज. मग बॅटरीच्या मायनसपासून मोटरच्या दुसऱ्या वायरीपर्यंत हेच करा, तो अर्थच्या वाटेतला तोटा. बटण दाबलेलं नसताना घेतलेल्या मापाला काही अर्थ नाही. करंट वाहत नसेल तर गंजलेला सांधाही बारा व्होल्ट दाखवतो.

दोन्ही मिळून तोटा एका व्होल्टच्या आत असेल तर रिलेचा खटाटोप करू नका, फारसं हाती लागणार नाही. दीड व्होल्टच्या वर असेल तर काम करण्यासारखं आहे. अर्थच्या बाजूचा आकडा अनेकदा प्लसइतकाच, कधी जास्तही निघतो. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर मिळाला तर मोटरचा करंटही बघून घ्या. मोकळ्या चालणाऱ्या काचेला ४ ते ८ अँपिअर पुरतात. वाटेत सतत १२ च्या वर जात असेल तर काच कुठेतरी अडकते आहे.

तिसरं, तुमची मोटर वर सांगितलेल्या दोन वायरींच्या जातीचीच आहे ना हे तपासा. कप्लर काढून मोटरची प्रत्येक वायर आणि मोटरचं लोखंडी कवच यांच्यात मीटरची बीप वाजते का बघा. वाजता कामा नये. काही जुन्या अमेरिकन गाड्यांत मोटरला दोन वेगळ्या फील्ड वाइंडिंग (चुंबक तयार करणाऱ्या तारेच्या गुंडाळ्या) असतात आणि अर्थ बॉडीतून मिळतो. तिथे बीप वाजेल आणि खालचं सर्किट तसंच्या तसं चालणार नाही. त्या मोटरला दोन रिलेंमधून फक्त प्लस द्यायचा असतो.

सामान

एका दारासाठी पाच पायांचे ३०/४० अँपिअरचे दोन १२ व्होल्ट रिले, आणि त्यांचे होल्डर वायरीसकट नव्हे तर सुट्या लगांसकट (लग म्हणजे वायरीच्या टोकाला दाबून बसवायचं धातूचं टोक) घ्या. तयार होल्डरला आलेल्या वायरी बहुधा बारीक असतात आणि मग सगळा हिशेब पुन्हा बिघडतो. रिले बॉश, हेला किंवा तशाच नावाजलेल्या कंपनीचे घ्या, आणि खोक्यापेक्षा रिलेच्या अंगावरचा छापील आराखडा वाचा. कॉइलला समांतर रोधक असलेला रिले निवडा. डायोड (एकाच दिशेने वीज जाऊ देणारा भाग) असलेला घेतलात तर त्याची दिशा पाळावी लागते, ८६ ला प्लस आणि ८५ ला अर्थ. उलट जोडलात तर डायोड जळतो आणि कधीकधी जुन्या स्विचलाही घेऊन जातो.

बॅटरीपासून येणाऱ्या मुख्य वायरीला ४ चौरस मिलिमीटर, चारही काचा करायच्या असतील तर ६. रिले ते मोटर आणि रिले ते अर्थ २.५. कॉइलच्या वायरींना ०.७५ भरपूर झाली. वायर गाडीचीच घ्या, बारीक तारांची, लवचीक. घराच्या वायरिंगची उरलेली वायर दारात वापरू नका. तिच्या तारा जाड असतात आणि दार उघडझाप करून बिजागरीजवळ तुटतात.

बॅटरीजवळ ४० अँपिअरचा मुख्य फ्यूज आणि प्रत्येक मोटरसाठी १५ किंवा २० चा वेगळा फ्यूज. फ्यूज वायर वाचवायला असतो, मोटर वाचवायला नव्हे. २० चा फ्यूज २० अँपिअरवर जळत नाही, त्यामुळे अडकलेली मोटर त्याच्या भरवशावर सोडू नका. मोटरमध्ये किंवा जुन्या वायरिंगमध्ये आपोआप तुटून जोडला जाणारा थर्मल ब्रेकर असेल तर तो काढू नका. मोटरच्या नव्या वाटेत तसाच एक घालता आला तर आणखी चांगलं.

याशिवाय ६.३ मिलिमीटरचे लग, ते दाबायला खरा क्रिंपर, हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळणारी नळी), कापडी टेप, रबरी ग्रोमेट (पत्र्याच्या भोकात बसणारी कडी), आणि मोटरच्या कप्लरशी जुळणारी नर-मादी जोडी. ही जोडी शोधण्यातच निम्मा वेळ जातो. पुण्यात नाना पेठेत स्पेअरच्या दुकानांत जुनी मोटर हातात घेऊन जा, फोटो दाखवून काम होत नाही. मुंबईकरांना रिले, स्लीव्ह, मीटर वगैरे लॅमिंग्टन रोडला मिळून जाईल.

जोडणी

रिलेच्या पायांचे आकडे बहुतेक ठिकाणी सारखे असतात. ८५ आणि ८६ ही कॉइल. ३० हा सामाईक पाय. कॉइल शांत असताना ३० हा ८७ए ला चिकटलेला असतो, कॉइलला वीज मिळाली की ८७ ला.

दोन रिलेंना 'वर' आणि 'खाली' अशी नावं द्या. मग जोडणी अशी:

- दोन्ही रिलेंचा ८७ एकत्र करून फ्यूजमधून आलेल्या नव्या प्लसला.
- दोन्हींचा ८७ए एकत्र करून नव्या जाड अर्थला.
- 'वर'चा ३० मोटरच्या एका वायरीला, 'खाली'चा ३० दुसरीला.
- दोन्हींचा ८५ अर्थला.
- स्विचकडून मोटरला येणाऱ्या जुन्या दोन वायरींपैकी एक 'वर'च्या ८६ ला, दुसरी 'खाली'च्या ८६ ला.

बस्स, एवढंच सर्किट. बटण सोडलेलं असताना मोटरच्या दोन्ही वायरी ८७ए मधून अर्थवर असतात. मोटरची दोन्ही टोकं एकमेकांना जोडलेली राहिल्याने बटण सोडताच ती जागीच ब्रेक लागल्यासारखी थांबते. 'वर' दाबलं की एक ३० प्लसवर उडी मारतो, दुसरा अर्थवरच राहतो, काच चढते. ड्रायव्हर आणि मागचा प्रवासी यांनी एकाच वेळी उलटसुलट बटणं दाबली आणि दोन्ही रिले ओढले गेले, तरी मोटरच्या दोन्ही टोकांना प्लस मिळतो आणि काही घडत नाही. शॉर्ट होण्याचा रस्ताच या मांडणीत नाही, म्हणून ती मला आवडते.

दुसरा फायदा म्हणजे मूळ वायरिंगला कात्री लागत नाही. मोटरचा जुना कप्लर जिथे मोटरला लागत होता, तिथे तुमच्या नव्या वायरिंगचं नर टोक लावा, ते ८६ ना जाईल. दोन्ही ३० पासून निघालेलं मादी टोक मोटरला लावा. मास्टर स्विच, मागच्या काचांचं लॉक बटण, सगळं पूर्वीसारखंच चालतं. उद्या गाडी कुणा कट्टर मूळपणावाल्याला विकायची झाली तर दोन कप्लर काढा, जुनं जोडा, काम संपलं.

कॉइलचा प्लस जुन्या स्विचमधूनच, म्हणजे किल्लीच्या ताब्यातूनच येऊ द्या. काही जण सोयीसाठी स्विचलाही कायमचा प्लस देतात, किल्ली काढल्यावर काचा वर करता याव्यात म्हणून. मी तसं करत नाही आणि कुणाला करूही देत नाही. या पिढीच्या काचांना अडथळा आला की मागे फिरण्याची अक्कल नसते, आणि रिले लावल्यावर त्यांचा जोर वाढलेला असतो. गाडीत एकटं बसलेलं पोर, कायम जिवंत बटण आणि नव्या ताकदीची काच हे समीकरण नको.

रिले कुठे बसवायचे

स्विच मधल्या कन्सोलवर असतील तर प्रश्न सोपा. डॅशबोर्डखाली, पायाजवळच्या बाजूच्या पॅनलमागे सगळे रिले एका पट्टीवर रांगेने बसवा आणि मोटरच्या जाड वायरी तिथून दारात न्या.

स्विच दारातच असतील तर रिलेही दारात ठेवणं सुटसुटीत पडतं, कारण मग दारात फक्त एक प्लस आणि एक अर्थ न्यावा लागतो. पण दाराचा आतला भाग कोरडा नसतो. काचेच्या रबरातून पाणी आत उतरतं आणि खालच्या भोकांतून बाहेर जातं, दाराची रचनाच तशी आहे. डोअर पॅडच्या मागे जो प्लास्टिकचा कागद असतो, त्याच्या आतल्या म्हणजे तुमच्या बाजूला रिले बसले पाहिजेत, काचेच्या बाजूला नव्हे. पाय खाली करून बसवा, वायर रिलेपेक्षा खाली जाऊन मग वर येऊ द्या, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी होल्डरमध्ये न शिरता तिथेच गळेल. कोकणात किंवा घाटमाथ्यावर गाडी उघड्यावर उभी राहत असेल तर सीलबंद रिलेच घ्या. काच पूर्ण खाली करून मशीनचे बाहू कुठपर्यंत येतात ते पाहिल्याशिवाय जागा ठरवू नका. आणि दाराच्या तळाची भोकं चिखलाने बुजली असतील तर आधी ती मोकळी करा.

प्रत्यक्ष काम

बॅटरीची मायनस वायर काढा. यात आळस नको, फ्यूज बसवण्याआधीच्या उघड्या प्लस वायरीचं टोक बॉडीला लागलं तर वायर लालबुंद व्हायला काही सेकंद पुरतात.

नवं वायरिंग टेबलावर तयार करा, दारात वाकून नव्हे. लांबी दोरीने मोजून घ्या आणि वीतभर जास्त धरा. लग क्रिंप केल्यावर प्रत्येक वायर जोराने ओढून बघा, निघायची असेल तर इथेच निघू दे. सोल्डरिंग करायचं असेल तर करा, पण बिजागरीच्या आसपास, जिथे वायर वाकते तिथे नको. सोल्डर जिथे संपतं तिथे वायर ताठर होऊन तुटते. प्रत्येक टोकावर चिकटपट्टीने नाव लिहा.

टेबलावरच चाचणी घ्या. मोटरच्या जागी २१ वॅटचा ब्रेकचा बल्ब लावा, ८७ ला फ्यूजमधून प्लस, ८७ए ला अर्थ द्या आणि दोन्ही ८६ ना आळीपाळीने प्लस टेकवा. दोन्ही वेळा बल्ब लागला पाहिजे, आणि मीटरवर त्याच्या टोकांचा प्लस-मायनस उलटा झाला पाहिजे. दोन्ही ८६ ना एकदम प्लस दिला तर बल्ब विझलेला राहायला हवा.

मुख्य वायर बॅटरीच्या प्लसपासून निघाल्यावर वीतभर अंतराच्या आत मुख्य फ्यूज आला पाहिजे. फायरवॉलमध्ये (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यात) शक्यतो आधीच असलेलं भोक वापरा आणि ग्रोमेट घाला. ग्रोमेटशिवाय पत्र्यातून गेलेली वायर आज ना उद्या सोलते, आणि ती सोलते तिथे फ्यूज नसेल तर गाडी पेटते. एक्झॉस्ट, स्टीअरिंगची दांडी आणि पेडल यांच्यापासून वायर लांब बांधा.

दारात वायर नेणं हे सगळ्यात कंटाळवाणं काम. चौकट आणि दार यांच्यामध्ये जे रबरी बूट आहे, ते दोन्ही बाजूंनी सोडवा. सायकलच्या ब्रेकची तार त्यातून आधी सरकवा, तिच्या टोकाला नवी वायर टेपने निमुळती बांधा आणि साबणाचं पाणी लावून ओढून घ्या. बूट तडकलेलं असेल तर नवं टाका. दार पूर्ण उघडून वायरीला ताण येतो का आणि बंद करताना ती चिमटते का, दोन्ही पाहा.

अर्थसाठी दाराच्या पत्र्यावर विसंबू नका. दारातून बॉडीकडे जायचा रस्ता बिजागऱ्यांमधून जातो, आणि तिथे रंग, ग्रीस आणि गंज यांचं राज्य असतं. जाड अर्थ वायर बूटमधून बाहेर आणून डॅशबोर्डखालच्या भक्कम पत्र्याला न्या. रंग खरवडून चकचकीत लोखंड दिसू दे, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळा, आणि वरून व्हॅसलीन फासा. गंज सांध्यात शिरू नये म्हणून ते व्हॅसलीन, करंट वाढावा म्हणून नव्हे. मग बॅटरीच्या मायनसपासून बॉडीला येणारी मूळ पट्टीही एकदा सोडून घासून बसवा. ती हिरवी पडलेली असेल तर काचाच काय, स्टार्टरही खूश होईल.

जुन्या स्विचचे टिकले कॉन्टॅक्ट क्लीनरने स्वच्छ करून घ्या. आता त्यांच्यातून इतका कमी करंट जाणार आहे की ठिणगीने काजळी जाळून टाकण्याची त्यांची जुनी सोय संपली. मळके टिकले ठेवलेत तर रिले कधी ओढेल, कधी नाही.

चालू केल्यावर

आधी फक्त मुख्य फ्यूज घाला, मग एकेका दाराचा. किल्ली फिरवा, बटणाला हलका स्पर्श करा. काच उलटी गेली तर दोन्ही ३० ची अदलाबदल करा, स्विचच्या वायरींना हात लावायची गरज नाही. रिलेचा टिक आवाज येतो पण काच हलत नाही तर ८७ वरचा प्लस किंवा ८७ए वरचा अर्थ पोचत नाहीये. कोणता रिले ओढल्यावर काय होतं ते मीटरने पाहिलं की सांधा सापडतो. टिक आवाजच नसेल तर जुना स्विच, जुना फ्यूज किंवा ८५ चा अर्थ बघा. रिले कटकट कटकट करत राहिला तर ८५ आणि ८७ए यांचा सामाईक अर्थ सैल आहे किंवा बॅटरी उतरलेली आहे. मोटर सुरू होताच कॉइलला मिळणारं व्होल्टेजही खाली बसतं आणि रिले सुटतो, पुन्हा ओढतो.

मघाचीच दोन मापं आता पुन्हा घ्या. ४ आणि २.५ चौरस मिलिमीटरच्या वायरी, नवे सांधे आणि रिलेचे टिकले मिळून ८ अँपिअरला एकूण तोटा अर्ध्या व्होल्टच्या आसपास यायला हवा. एक व्होल्ट दाखवत असेल तर कुठलातरी लग नीट दाबला गेलेला नाही. काच पाच-सहा वेळा वरखाली केल्यावर प्रत्येक सांध्याला बोट लावा, जो कोमट लागेल तो पुन्हा क्रिंप करायचा. डोअर पॅड त्यानंतरच चढवा, आणि मागचा प्लास्टिकचा कागद फाटला असेल तर जाड पॉलिथिनचा नवा कापून चारही कडांनी चिकटवून टाका.

सगळ्या काचा एकदम करायला घेऊ नका. क्लीनरच्या बाजूचं पुढचं दार आधी करा. वाट लांब असल्याने फरक तिथे ठळक दिसतो आणि काही चुकलं तरी ड्रायव्हरची काच शाबूत राहते, टोलनाक्यावर दार उघडावं लागत नाही. आठवडाभर वापरून मग बाकीची घ्या. मागच्या दारांना बी पिलरमधून (पुढच्या आणि मागच्या दारांमधल्या खांबातून) वायर न्यावी लागते. अनेक गाड्यांत तिथे रबरी बूटच नसतं, भोक पाडावं लागतं आणि कापलेल्या पत्र्याला लगेच प्रायमर मारावा लागतो. मागच्या काचा तुमच्याकडे फारशा कुणी उघडत नसेल तर तिथे फक्त चॅनल आणि मशीन साफ करून सोडून दिलं तरी चालतं.

सर्किटचा कागद, वायरींचे रंग आणि कुठला फ्यूज कुणाचा हे लिहून लॅमिनेट करून ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवा, सोबत एक जादा रिले आणि दोन फ्यूज. पहिल्या पावसाळ्यानंतर डोअर पॅड एकदा काढून होल्डरमध्ये हिरवट डाग दिसतात का बघा, आणि अर्थचा बोल्ट पान्याने पुन्हा आवळा.